घाटवाटांनाही मजूर हवेत

चालणारी माणसं थांबली की सह्याद्रीतली पाऊलवाट तीन-चार पावसाळ्यांत बुजते. आधी कडेची माती सुटते आणि वाटेचा दरीकडचा काठ ढासळतो. पुढच्या वर्षी वरून येणारं पाणी वाटेतूनच वाहू लागतं; माती घेऊन जातं, सुटे धोंडे मागे ठेवतं. मग दोन्ही अंगांनी कारवी आत घुसते, करवंदीच्या जाळ्या एकमेकींत मिळतात, आणि एखादं मोठं झाड आडवं पडलं की गुरंसुद्धा वळसा घेऊन जातात. त्या वळशांच्या ढोरवाटा होतात. खरी वाट कुठली आणि ढोरवाट कुठली, हे नवख्या माणसाला तिथे उभं राहून कळत नाही. बिरवाडीच्या डोक्यावरच्या रानात अशा कितीतरी वाटा माझ्या डोळ्यांदेखत गेल्या.

मी आरोग्यसेविका होते. नोकरी सगळी महाड तालुक्यात झाली, उपकेंद्रं बदलत गेली आणि निवृत्तीनंतर बिरवाडीलाच राहिले. डोंगर मी हौसेने चढले नाही. वाडीवर लहान मुलं आहेत म्हणून, खांद्याला लसीचा डबा अडकवून चढले. आज मला जे म्हणायचं आहे ते त्या चालण्यातूनच आलेलं आहे. घाटवाटा वर्षातून एकदा माणसं लावून साफ करायला हव्यात, त्या कामाची मजुरी वाटेवरच्या वाडीतल्या माणसांनाच मिळायला हवी, आणि त्यासाठी सरकारी अंदाजपत्रकात कायमचं लेखाशीर्ष हवं. सिमेंटच्या पायऱ्या नकोत, लोखंडी कठडे नकोत. वाट वाटच राहू द्या, फक्त ती जिवंत ठेवा.

बिरवाडी काळ नदीच्या काठचं गाव. एका अंगाला औद्योगिक वसाहतीच्या चिमण्या आणि पूर्वेला मान वर करून बघावी अशी सह्याद्रीची भिंत. त्या भिंतीत उत्तरेकडून मोजायला लागलं तर रायगड-लिंगाण्याच्या पाठीमागची बोराट्याची नाळ आणि सिंगापूरची नाळ, मग शेवते गावात उतरणारा शेवत्या घाट, राणवडीकडे येणारा मढे घाट, कर्णवडीत उतरणारा उपांड्या, शिवथरच्या खोऱ्यात येणारा गोप्या. त्यापुढे कावळ्या किल्ल्याची सोंड फोडून गेलेला वरंध घाटाचा डांबरी रस्ता. पोलादपूरकडे सरकलं की मंगळगड, चंद्रगड, ढवळ्याहून आर्थर सीटकडे चढणारी वाट आणि प्रतापगडाखालचा पार घाट. कोकणातून मीठ-मासळी वर जायची आणि घाटावरून धान्य-गूळ खाली यायचा तो या वाटांनी. राजगडावरची राजधानी रायगडावर आली तेव्हा मधला डोंगर माणसांनी आणि जनावरांनी अशाच वाटांनी ओलांडला. ४ फेब्रुवारी १६७० ला सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले. त्यांचा देह मढे घाटाने उतरवून पोलादपूरजवळच्या उमरठला नेला, असं आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत.

११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतले रायगड, राजगड आणि प्रतापगड हे तीन आमच्या या डोंगराभोवतीचे. बिरवाडीच्या बाजारातही त्या दिवशी पेढे वाटले गेले आणि मलाही मनापासून आनंद झाला. रायगडासाठी स्वतंत्र प्राधिकरण आहे, ६०६ कोटींचा आराखडा आहे, आणि ते योग्यच आहे. पण किल्ला एकटा उभा नसतो. निरोप, दाणागोटा, दारूगोळा आणि माणूस एका गडावरून दुसऱ्या गडावर ज्या वाटेने गेला, ती वाटही त्या संरक्षणव्यवस्थेचाच भाग होती. तटबंदीचा एक चिरा निखळला तर बातमी होते. घाटवाटेची दगडी बांधणी पावसात वाहून गेली तर ती गेल्याचं फक्त वाडीतल्या माणसाला कळतं, तेही सहा महिन्यांनी, तिथून गुरं न्यायची वेळ येते तेव्हा.

विस्मरण किती लवकर होतं त्याचा दाखला इथून जवळच आहे. शिवथरघळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला असं मानलं जातं. महाराष्ट्रातल्या घराघरांत तो ग्रंथ वाचला जात होता, आणि घळ मात्र कुठे आहे हे विसरलं गेलं होतं. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये ती शोधून काढली. एवढ्या मोठ्या ग्रंथाची जागा हरवू शकते, तर मीठ-मिरची वाहणाऱ्या वाटेचं काय?

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या कार्यक्षेत्रातल्या निम्म्या वाड्या चालूनच गाठायच्या असत. धनगरवाडे तर डोंगराच्या पदरात, कड्याच्या खालच्या दाट रानाच्या पट्ट्यात. १९९५ पासून पल्स पोलिओ सुरू झाला आणि त्या वाटांशी माझं नातं आणखी घट्ट झालं. लसीच्या डब्यात बर्फाच्या चार पट्ट्या उभ्या लावायच्या आणि मध्ये प्लास्टिकच्या पिशवीत बाटल्या. बाटलीच्या चिठ्ठीवर एक गोल असतो आणि त्या गोलात एक चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर लस चालते. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो, आणि तो गोलाइतका गडद झाला की बाटली बाद. वाडीत पोहोचल्यावर मी आधी पाणी मागत नसे, आधी बाटली काढून चौकोन बघत असे. वाट मोकळी असली तर ऊन चढायच्या आत वाडी गाठता येई, मुलांच्या तोंडात थेंब पडत आणि डबा संध्याकाळी केंद्रात परत. वाट मोडलेली असली की तेवढंच अंतर दुप्पट वेळ खाई, आणि सगळं लक्ष दरीपेक्षा डब्याकडे. भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र २७ मार्च २०१४ ला मिळालं. त्यात डॉक्टरांचा, सरकारचा, जगभरच्या संस्थांचा वाटा आहेच. आमच्या भागात त्यात वाडीकऱ्यांच्या कोयत्यांचाही वाटा आहे, कारण लसीकरणाची तारीख कळली की वाडीतली माणसं आदल्या दिवशी उतरून वाट साफ करून ठेवत.

एका वाडीवर एक म्हातारे धनगर बाबा होते. आमच्याबरोबर खाली सोडायला येताना ते हातातल्या काठीने वाटेवरचे दगड सरळ करत चालायचे. मला आधी वाटे, सवय असेल. मग लक्षात आलं की उतारावर ठरावीक अंतराने त्यांनी वाटेला तिरकी, अर्धी जमिनीत पुरलेली दगडांची ओळ घातली होती. वरून आलेलं पाणी त्या ओळीला अडे आणि दरीच्या बाजूला निघून जाई. वाट कोरडी राही. ओळ उभ्या उतारावर जवळजवळ, सपाटीला लांबलांब. दगड कुठला घ्यायचा तेही ठरलेलं. गोल गोटा नाही, एका बाजूने चपटा काळा दगड, चपटी बाजू वर. जिथे वाटेचा काठ सुटत होता तिथे खालून दगडावर दगड बसवून गडगा रचलेला, चुना-सिमेंटाचा थेंब नाही, त्यामुळे पाणी दगडांमधून झिरपून जाई आणि भिंत फुगून पडत नसे. मी विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? म्हणाले, "बाय, पानी वाट खातं. त्याला वाट सोडायची, म्हंजी आपली वाट ऱ्हाते."

त्याच वाडीवरून एकदा भर आषाढात रात्री एक अडलेली बाळंतीण खाली आणली. लाकडाला घोंगडं बांधून केलेली डोली, पुढे दोघे, मागे दोघे, खांदे बदलायला आणखी चौघे. मी मागून कंदील घेऊन. पाऊस असा की कंदिलाच्या काचेवरून पाण्याची धार. ओढ्याला कमरेपर्यंत पाणी होतं आणि साकव नव्हता. माणसांनी हाताला हात धरून साखळी केली आणि डोली डोक्याच्या वरून पार नेली. मला त्या रात्रीचं सगळ्यात जास्त आठवतं ते ओढ्याच्या अलीकडचं उतरण. तिथे पाय घसरला असता तर आठही माणसं डोलीसकट गेली असती. पाय घसरला नाही, कारण त्या उतरणावर बाबांच्या दगडांच्या ओळी होत्या. पहाटे बाळंतीण सुटली. मुलगी झाली, आज तिला स्वतःची मुलं आहेत.

ही देखभाल तेव्हा कोणी पैसे देऊन करून घेत नव्हतं. दसरा झाला, गवत पिवळं पडायला लागलं की वाडीतली चार माणसं कोयते आणि कुदळ घेऊन निघत. शिमग्याची पालखी त्या वाटेने जायची, लग्नाचं वऱ्हाड जायचं, तुपाचे डबे घेऊन माणसं बिरवाडीच्या बाजाराला यायची. वाटेवर सगळ्यांचं पोट आणि देव दोन्ही होतं. आता वाडीत म्हातारी माणसं आहेत. तरुण मुंबईला, पुण्याला किंवा इथेच औद्योगिक वसाहतीत पाळीवर. काही वाड्या उठून रस्त्याच्या कडेला आल्या. त्यांनी यावंच, पोरांची शाळा आणि म्हाताऱ्यांचा दवाखाना सोडून माणसांनी वर राहावं असं सांगायचा अधिकार कोणालाच नाही. पण ज्या कामाचा आधार माणसं होती ते काम माणसं गेल्यावर कोणाच्या तरी नावावर लावावं लागतं, आणि तेवढंच आजवर कोणी केलेलं नाही.

वाटेवर आता दुसरी माणसं आली आहेत. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मढे घाटाच्या माथ्यावर, केळदच्या पठारावर पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. लक्ष्मी धबधबा बघायला आलेले वरूनच परत जातात. चालणारे उपांड्याने कर्णवडीत उतरतात, राणवडीवरून मढे घाटाने पुन्हा वर चढतात. हिवाळ्यात बोराट्याच्या नाळेत, शेवत्यात, ढवळ्याच्या रानात गट दिसतात. मला ही मुलं आवडतात. पाठीवर ओझं घेऊन पाचशे-सहाशे मीटरचा उतार उतरणाऱ्या मुलीला मी रस्त्यात थांबवून सरबत पाजलेलं आहे. त्यांच्या पायांमुळे दोन-तीन वाटा आजही मळलेल्या आहेत, हे मान्य करायलाच हवं. त्यांच्यातलेच लोक अपघात झाला की दोर घेऊन दरीत उतरतात. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस कोसळली तेव्हा खोल दरीतून मृतदेह वर आणणारे हात महाबळेश्वर-पोलादपूरकडच्या गिर्यारोहकांचेच होते.

पण चालणाऱ्यांच्या नुसत्या पायांनी वाट राखली जात नाही. उलट ओल्या मातीत शेकडो बूट एका रविवारी उतरले की वाटेचा चिखल होतो, मागून येणारा चिखल टाळायला कडेने जातो, आणि एका वाटेच्या चार होतात. खुणा म्हणून कातळावर आणि झाडांवर रंगाचे बाण काढलेले आहेत. प्रत्येक गटाचा रंग निराळा, आणि दोन फाट्यांवर तर बाण एकमेकांच्या विरुद्ध दिशेला आहेत. उंबराच्या खोडावर तैलरंग फासायची काय गरज? चुकलेल्या माणसांना शोधायला शेवटी वाडीतला माणूसच जातो, हातात बॅटरी आणि पायात चप्पल. त्याला त्याचे पैसे मिळत नाहीत. गटाने पुण्यात फी भरलेली असते, गाडीवाल्याला पैसे मिळतात, पठारावरच्या हॉटेलला मिळतात; खालच्या वाडीच्या वाट्याला एखाद्या घरातला चहा-पोह्याचा घाणा येतो. ज्या घरातल्या बाईने सकाळी चारला उठून चाळीस जणांचे पोहे केले, त्या घराच्या मागून जाणारी वाट साफ करायला मात्र पैसे नाहीत.

पावसाळा आला की दुसरा उपाय निघतो तो बंदीचा. जुलै २०२४ मध्ये माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्याजवळ एक तरुणी दरीत पडून गेली, त्याच्या आधी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या ओहोळात एक कुटुंब वाहून गेलं. अशा घटनेनंतर प्रशासनाने कडक व्हावं हे बरोबरच आहे. मी माणसं दरीतून आलेली पाहिली आहेत, मला त्या बातम्या वाचवत नाहीत. पण सगळा डोंगर महिनाभर बंद करून काम होत नाही. धोका जागेचा आणि दिवसाचा असतो. कोणता ओढा किती पावसाला चढतो, कुठल्या कातळावर शेवाळ धरतं, कुठल्या नाळेत वरून दगड येतात, हे वाडीला ठाऊक आहे. वाडीतल्या दोन माणसांना पावसाळ्यापुरतं मानधन देऊन आज ओढा ओलांडायचा नाही असं सांगायचा अधिकार द्या. लोक त्यांचं ऐकतील, कारण ती समोर उभी असतील आणि ओढाही समोर असेल.

विकास म्हटला की आपल्याकडे पायऱ्या येतात. किल्ल्यांच्या वाटांवर सिमेंटच्या पायऱ्या झाल्या, आता घाटवाटांवरही व्हाव्यात असं अधूनमधून कानावर येतं. कोकणच्या पावसात सिमेंटच्या पायरीवर दुसऱ्याच वर्षी हिरवी साय धरते आणि तिच्यावर पाय टिकत नाही. खालून पाण्याने माती नेली की पायरी अधांतरी लोंबते, आणि मग ती दुरुस्त करायला पुन्हा सिमेंट डोक्यावरून वर न्यावं लागतं. कठड्याचा पाइप गंजतो आणि गंजलेल्या पाइपावर विश्वासून माणूस भार टाकतो. याउलट रचलेला दगड पडला तरी तिथेच पडलेला असतो. उचलून परत बसवता येतो. धनगर बाबांच्या पद्धतीच्या कामाला ठेकेदार लागत नाही, म्हणूनच कदाचित ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

वाटेला लागतं काय, ते सांगते. दसरा ते दिवाळी या काळात गवत आणि कारवी कापणं. वाटेवर आडवी पडलेली झाडं बाजूला सारणं. पाणी काढून देणाऱ्या दगडी ओळी नीट करणं. सुटलेल्या काठाला गडगा. वस्ती आणि शाळेच्या वाटेवरच्या ओढ्याला साकव. फाट्यावर दगडात कोरलेली किंवा जमिनीत रोवलेल्या लाकडावरची एकच खूण, आणि बाकीचे सगळे रंग खरवडून काढणं. उन्हाळ्याआधी वाटेच्या दोन्ही अंगांचं वाळलं गवत काढून वणवा पसरू न देणं. माझ्या अंदाजाने एका घाटवाटेला आठ-दहा माणसं पंधरा-वीस दिवस लागली तर ती वर्षभर शाबूत राहील. यात कुठलंही झाड तोडावं लागत नाही.

पैसा कुठून आणायचा म्हणाल तर रोजगार हमीची कल्पनाच मुळी या महाराष्ट्राची. १९७२ च्या दुष्काळाने तिला आकार दिला आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. शेतात जाणाऱ्या पाणंद रस्त्यांना तिच्याच आधाराने योजना निघाली. तिथे शेतापर्यंतचा रस्ता बसला, तर डोंगरातली पाऊलवाट का बसू नये? महसूल खात्याच्या गावनकाशात पायमार्ग तुटक रेषेने दाखवलेला असतो आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. म्हणजे सरकारच्या लेखी ही वाट अजून आहे. रान वनखात्याचं म्हणून माणसं कोयता चालवायला कचरतात. पण २००६ च्या वनहक्क कायद्यात रस्त्यासारख्या गावाच्या सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपर्यंत वनजमीन वापरायची तरतूद आहे, आणि इथे तर नवीन जमीन मागायचीच नाही, आहे ती वाट मोकळी करायची आहे. साताऱ्याजवळ कास पठारावर आसपासच्या गावांची समिती येणाऱ्यांकडून शुल्क घेते आणि त्यातून राखण करते. केळदच्या पठारावर, ढवळ्यात, बोराट्याच्या नाळेच्या तोंडाशी असं शुल्क घेतलं तर चालणारी मुलं आनंदाने देतील. फक्त ते खालच्या आणि वरच्या, दोन्ही गावांत वाटलं गेलं पाहिजे.

बाहेर बघायचं तर फ्रान्समध्ये १९४७ पासून लांब पल्ल्याच्या पाऊलवाटांचं जाळं उभं राहिलं. दऱ्याखोऱ्यांतून, जंगलांतून जाणाऱ्या त्या वाटांवर पांढऱ्या-तांबड्या पट्ट्याची एकच खूण देशभर चालते आणि ती दर काही वर्षांनी नव्याने रंगवायला स्वयंसेवकांचे संघ आहेत. जपानने कुमानो कोदो या यात्रेच्या डोंगरवाटा २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत नेल्या. तिथे देवळांच्या बरोबरीने वाटही वारसा मानली गेली, आणि आपल्या किल्ल्यांना आता ते स्थान मिळालेलं असताना त्यांच्या मधल्या वाटांकडे बघायला हीच वेळ आहे.

यावर मला घरातूनच विचारणा होते. माझा भाचा म्हणतो, "आत्ये, वाडीवाल्यांना डांबरी रस्ता हवाय आणि तू पाऊलवाटेचं घेऊन बसलीस." त्याचं खरं आहे. ज्या वाडीत आज माणूस राहतो तिथे रुग्णवाहिका जाईल असा रस्ता झालाच पाहिजे. डोली वाहिलेली बाई रस्त्याला नको म्हणूच शकत नाही. माझा विरोध आहे तो वाडीच्या पुढे, कड्याच्या अंगावर, पुण्याचं अंतर कमी होईल म्हणून मोटारीचा रस्ता खोदण्याला. केळदहून खाली महाडकडे असा रस्ता उतरवावा ही मागणी मी बरीच वर्षं ऐकते आहे. वरंध घाट आपल्याकडे आहे. तो दर पावसाळ्यात कितीदा बंद ठेवावा लागतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. असलेल्याचं राखणं होत नसताना डोंगराला आणखी एक चीर कशाला?

आणि रस्ता असला तरी वाट लागते, हे आम्हाला २२ जुलै २०२१ ने शिकवलं. काळ नदीचं पाणी बाजारपेठेत होतं, महाड पाण्याखाली, फोन बंद. त्या संध्याकाळी तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीलाही त्याच दिवशी दरडी आल्या. रस्ते पाण्याखाली आणि दरडींखाली होते, यंत्रणेची मोठी मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. जे आधी पोहोचले ते आजूबाजूच्या गावांतले, शेतांच्या बांधांवरून आणि रानातून चालत आलेले. मोठ्या आपत्तीत पहिले काही तास माणूस पायांवरच असतो. त्या तासांसाठी प्रत्येक वाडीकडून बाहेर पडणाऱ्या दोन तरी वाटा मोकळ्या असल्या पाहिजेत, आणि त्या कुठल्या हे आपत्ती व्यवस्थापनाच्या तालुक्याच्या कागदात लिहिलेलं असलं पाहिजे. दरडीच्या भीतीखाली असलेल्या गावांच्या याद्या आहेत. त्यांच्या वाटांच्या याद्या करा.

हे अडतं कुठे, तेही मला माहीत आहे. घाटमाथ्याची कड ही जिल्ह्याची हद्द आहे. वरचं केळद पुणे जिल्ह्यात, वेल्हे म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात. खालची राणवडी रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यात. महसुली विभाग दोन, वनखात्याच्या कचेऱ्या दोन. अर्धी वाट एकाची आणि अर्धी दुसऱ्याची म्हणून अख्खी वाट कोणाचीच नाही. पोलादपूरच्या वाटांचं वरचं टोक तर सातारा जिल्ह्यात जातं. तीन जिल्हाधिकारी, तिथले वनाधिकारी आणि वाटेवरच्या ग्रामपंचायतींचे सरपंच यांची एकत्र बैठक झाल्याशिवाय हा प्रश्न कोणाच्याही टेबलावर येणार नाही.

ती बैठक अलिबागला, पुण्याला किंवा साताऱ्याला घेऊ नका. या दिवाळीच्या आधी, गवत उभं असतानाच, मढे घाटाच्या किंवा उपांड्याच्या मध्यावर एखाद्या घराच्या अंगणात घ्या. वरच्यांनी केळदहून उतरून यावं, खालच्यांनी राणवडीहून चढून यावं. गावनकाशाच्या प्रती बरोबर आणा, आणि वाट दाखवायला वाडीतली माणसं घ्या. त्या दिवसाची त्यांची मजुरी त्याच दिवशी, हातात द्या.